पी हळद, हो गोरी

‘पी हळद अन् हो गोरी’ ही म्हण मराठी मुलखात कुणाला समजावून सांगावी लागत नाही. काल पेरलं अन् आज कणसं का नाहीत, असं विचारणाऱ्याला ती मारतात. पण नेहमीचा अर्थ बाजूला ठेवून नुसते शब्द बघितले, तर एक गोष्ट ध्यानात येते. ज्या कुणा बाईच्या तोंडून ही म्हण पहिल्यांदा निघाली, तिला हळदीनं असं कुणी गोरं होत नाही हे पक्कं ठाऊक होतं. नाहीतर टोमणा बसलाच नसता. म्हणजे आपल्या आज्या-पणज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या हळद अंगाला लावली, पण तिच्याबाबतीत डोळे झाकून घेतले नव्हते. डोळे झाकायची पाळी आपल्यावर आली, ती रंगीत डब्या अन् ट्यूबा आल्यावर.

मी हळद लावणारा माणूस आहे. शिक्षण दहावीपर्यंत, १९७६ सालचं. चौल-रेवदंड्याच्या बाजूला आमची नारळ-सुपारीची वाडी. पूर्वी सुपारीच्या सावलीत घरापुरती चार वाफे हळद असायची. तिची पानं नागपंचमीला अन् गौरी-गणपतीत पातोळ्यांना लागायची, कंद घरच्या मसाल्याला अन् लग्नाला. विकायला म्हणून हळद आमच्या वाडीत आली ती ३ जून २०२० नंतर. त्या दिवशी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं. आमच्या बाजूच्या वाड्या अन् खाली श्रीवर्धन-दिवेआगरपर्यंतच्या बागा एका दुपारी आडव्या झाल्या. आज्यानं लावलेली माडं मुळासकट उपटली. सुपारीचं रोप लावलं तर पीक हाती यायला सहा-सात वर्षं, नारळाचंही तसंच. तोवर खायचं काय? हळद नऊ महिन्यांत निघते, जमिनीखाली असल्यामुळं वाऱ्याला भीत नाही. म्हणून आम्ही बऱ्याच जणांनी मोकळ्या पडलेल्या जागेत हळद घातली.

हळद पिकली, मग गावातल्या बचत गटाच्या बाया माझ्याकडं आल्या. मांडव्याला रो-रो बोट सुरू झाल्यापासून मुंबईचा माणूस गाडीसकट शनिवार-रविवारी आमच्याकडं उतरतो. त्याला ‘गावचं, शुद्ध’ असं काहीतरी न्यायचं असतं. बायांचं म्हणणं, नुसती हळद किलोनं विकण्यापेक्षा हळदीचा साबण, उटणं, तोंडाला लावायचा लेप करू, चौपट पैसे येतील. वेष्टनावर काय छापायचं तेही त्यांनी वहीत लिहून आणलं होतं : रंग उजळतो, डाग जातात, शंभर टक्के सुरक्षित, कारण नैसर्गिक. मला म्हणाल्या, “दादा, तुमी वाचता-लिवता. ह्यातला चुकलाय काय ता बगा.” तेव्हापासून हळदीचा अन् कातडीचा इतिहास धुंडाळायचा मला नाद लागला. रेवदंड्याच्या एका म्हाताऱ्या वैद्यांनी जुने ग्रंथ उघडून दाखवले, औषधनिर्माण शिकलेल्या माझ्या नातीनं नवीन संशोधन वाचून समजावलं. वाडीतलं मला ठाऊक होतंच.

वैद्यांनी पहिल्यांदा चरक काढला. चरकसंहितेत औषधांचे दहा-दहाचे गट केलेले आहेत. हळद म्हणजे हरिद्रा ही ‘कुष्ठघ्न’ गटात बसवली आहे, खैर, हिरडा, आवळा, कण्हेर यांच्या पंगतीला. इथं कुष्ठ म्हणजे फक्त महारोग नव्हे, कातडीचे झाडून सगळे रोग त्यात येतात. वर्ण सुधारणाऱ्या औषधांचा गट निराळा आहे. त्यात चंदन आहे, मंजिष्ठा आहे, ज्येष्ठमध आहे, हळद नाही. पुढच्या काळातल्या भावप्रकाशासारख्या ग्रंथांत हळदीला ‘वर्ण्य’ही म्हटलं आहे, अन् कोशांत तिला वरवर्णिनी, कांचनी, निशा अशी देखणी नावं आहेत. पण चरकाच्या त्या यादीत तिची जागा खरूज-नायट्याच्या औषधात आहे, ही गोष्ट मी वहीत टिपून ठेवली.

आमच्या किनाऱ्याचं नाव परदेशी लोकांच्या लिखाणात फार जुन्या काळापासून आहे. चौल बंदर ग्रीक खलाशांनाही माहीत होतं. पोर्तुगीज आले, रेवदंड्याला त्यांचा कोट उभा राहिला. त्याच काळात गार्सिया द ओर्ता नावाचा पोर्तुगीज वैद्य गोव्यात राहत होता. मुंबईचं बेटही त्याच्याकडं खंडानं होतं. त्यानं हिंदुस्थानातल्या औषधी वनस्पतींवर संवादाच्या रूपात एक ग्रंथ लिहिला, तो १५६३ साली गोव्यात छापला गेला. त्यात हळदीबद्दलही लिहिलं आहे. हळदीला त्यानं जे नाव वापरलं त्याचा अर्थ ‘इथल्या मातीतलं केशर’. युरोपातल्या माणसाला हळद दिसली ती आधी रंग म्हणून, अन् मग औषध म्हणून.

हा रंगाचा धागा मला महत्त्वाचा वाटतो. आमच्या आगरी-कोळी बोलीत ‘ळ’ नाही, हळदीची ‘हलद’ होते. अन् लग्नाच्या आदल्या रात्रीची हलद ही आमच्याकडं लग्नापेक्षा मोठी. धवलारीण धवले म्हणते, सवाशिणी नवऱ्याला हळद लावतात अन् त्यातलीच उष्टी हळद नवरीकडं जाते. आमच्या शेजारचे कोकणी मुसलमानही लग्नात हळद लावतात. जात-धर्म कुठलाही असो, किनाऱ्यावरचं लग्न पिवळं झाल्याशिवाय लागत नाही. पूर्वी हे सगळं चालायचं पणतीच्या, नाहीतर बत्तीच्या उजेडात. सावळ्या अंगावर हळद अन् खोबरेल चोळलं, वर दिव्याचा पिवळा उजेड पडला, की अंग सोन्यासारखं दिसायचं. उन्हात मिठागरावर, नाहीतर मासळी सुकवत राबणाऱ्या पोरीला एक रात्र सोन्याची मिळायची. तिला गोरी करायचा तो खटाटोप नव्हता. दोन-चार दिवसांनी हळद उतरायची अन् पोरगी पुन्हा आपल्या रंगावर यायची. कुणाची तक्रार नसायची.

हा रंग उतरतो का, तेही सांगतो. १८१५ साली फ्रान्समध्ये फोगेल अन् पेल्तिये या दोघांनी हळदीतलं पिवळं द्रव्य वेगळं काढलं. त्याला कर्क्युमिन म्हणतात. त्याची नेमकी रासायनिक रचना १९१० साली कळली. वाळलेल्या हळदीत ते साधारण शंभरात दोन ते पाच भाग असतं, बाकी पिठूळ, तेल अन् चोथा. ह्या द्रव्याचे दोन गुण प्रत्येक घरातल्या बाईला पाठ आहेत, फक्त नाव माहीत नाही. सदऱ्यावर कालवणाचा डाग पडला अन् साबण लावला, की डाग लालभडक होतो. पाण्यानं खळबळलं की परत पिवळा. चुन्याबरोबरही हळद लालच होते; मूळचं कुंकू तसंच बनायचं. दुसरा गुण म्हणजे तोच सदरा दोन दिवस उन्हात टाकला की डाग आपोआप जातो. हळदीचा रंग कच्चा, ऊन त्याला खातं.

आता ह्यावरून हळदीच्या साबणाचा विचार करा. साबण खारट, म्हणजे अल्कलीचा. त्यात खरी हळद घातली की ती तांबूस, विटकरीकडं झुकते. बाजारात लिंबासारखा पिवळाधमक हळदीचा साबण दिसला, तर तो पिवळेपणा हळदीचाच आहे का, एवढा प्रश्न शेतकऱ्याच्या मनात यायलाच पाहिजे. अन् कातडीवर लावलेल्या हळदीतलं जे काही गुणाचं द्रव्य आहे, ते उन्हात टिकत नाही. म्हणून चांगल्या क्रीमवाल्यांना ते टिकवायला वेगळे उपाय करावे लागतात. काही ठिकाणी तर त्यापासून बनवलेलं बिनरंगी द्रव्य वापरतात, म्हणजे रंगही लागत नाही अन् कपडेही खराब होत नाहीत.

मराठी माणसाला हळदीचं क्रीम म्हटलं की एकच नाव आठवतं. केशव विष्णू पेंढरकर यांनी १९५२ साली विको कंपनी काढली. १९७५ च्या सुमाराला त्यांचं हळदीचं क्रीम बाजारात आलं. स्नो-पावडर पांढरी असते असं समजणाऱ्या गिऱ्हाइकाला पिवळं क्रीम विकणं सोपं नव्हतं. लोकांना वाटायचं, तोंड पिवळं पडेल. पुढं सिनेमाघरात अन् टीव्हीवर जाहिरात आली अन् गावोगावी ट्यूब पोहोचली. त्या क्रीमवरून सरकारच्या अबकारी खात्याशी वादही झाला. हे सौंदर्यप्रसाधन म्हणायचं की आयुर्वेदिक औषध? दोन्हींवरचा कर वेगळा. भांडण वर्षानुवर्षं चाललं, सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, अन् निकाल कंपनीच्या बाजूनं लागला. मला ह्यात गंमत वाटली ती अशी, की चरकाच्या यादीपासून जो प्रश्न उभा आहे, हळद औषध की शृंगार, तोच प्रश्न कोट-टाय घातलेल्या वकिलांनी कोर्टात मांडला.

दुसरा खटला त्याहून गाजलेला. मार्च १९९५ मध्ये अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला हळदीनं जखम बरी करण्याचं पेटंट मिळालं. शोधक म्हणून नावं दोन भारतीय वंशाच्या डॉक्टरांची होती. आपल्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे प्रमुख तेव्हा डॉ. रघुनाथ माशेलकर. गोव्यातल्या माशेलमध्ये जन्मलेला अन् मुंबईत आईच्या कष्टावर शिकलेला हा माणूस. १९९६ साली परिषदेनं पेटंटला आव्हान दिलं. संस्कृत ग्रंथांपासून १९५३ सालच्या भारतीय वैद्यकीय नियतकालिकातल्या लेखापर्यंत पुरावे पाठवले. ऑगस्ट १९९७ मध्ये अमेरिकेच्या पेटंट कार्यालयानं ते पेटंट रद्द केलं. त्या अनुभवातूनच पुढं आपल्या पारंपरिक ज्ञानाची डिजिटल नोंदवही तयार करण्याचं काम देशानं हाती घेतलं. तेव्हा आमच्या नाक्यावर चहाच्या टपरीत पेपर मोठ्यानं वाचला गेला होता. ‘आमची हलद आमाला मिलाली’ म्हणून म्हातारी माणसंही हसली होती.

त्या आनंदाला गालबोट लावायचं नाही. पण निकाल काय लागला ते नीट समजून घेतलं पाहिजे. पेटंट कार्यालयासमोर प्रश्न होता, ही गोष्ट नवीन आहे का? उत्तर आलं, नवीन नाही, हिंदुस्थानातल्या लोकांना आधीपासून माहीत आहे. हळदीनं जखम किती बरी होते, कुणाची होते, कुणाची नाही, ह्याचा निवाडा तिथं झाला नाही. सातबारा आपल्या नावावर आहे म्हणून जमीन सुपीक ठरत नाही. मालकीचा निकाल वेगळा अन् पिकाचा वेगळा. बायांच्या वहीत मात्र लिहिलं होतं, ‘अमेरिकेनेही मान्य केलेले औषध’. ती ओळ मी पहिल्यांदा खोडायला लावली.

मग पिकाचा निकाल काय? नातीनं दोन गोष्टी वाचून दाखवल्या. २०१६ साली संशोधकांनी हळद अन् कातडी यावरचे माणसांवर झालेले १८ अभ्यास एकत्र तपासले. त्यात हळद पोटात घेतलेलेही होते अन् अंगाला लावलेलेही. त्यांतल्या १० अभ्यासांत चांगला फरक दिसला. त्यांनी म्हटलं की आशा आहे, पण अभ्यास थोडे आहेत, आणखी केले पाहिजेत. दुसरी गोष्ट २०१७ सालची. अमेरिकेतल्या औषध-रसायनाच्या जाणकारांनी कर्क्युमिनची झडती घेतली अन् लिहिलं की हे द्रव्य अस्थिर आहे, शरीरात नीट शोषलं जात नाही, अन् कसोशीनं केलेल्या चाचण्यांत त्याचं औषध म्हणून यश सिद्ध झालेलं नाही. नात म्हणाली, “आजोबा, प्रयोगशाळेत हळद जंतू मारते, सूज कमी करते, हे दिसतं. पण काचेच्या बशीतली कातडी अन् माणसाच्या अंगावरची कातडी यात फरक असतो.” मला हे लगेच पटलं. विद्यापीठाच्या प्रक्षेत्रावरचं पीक अन् आमच्या वाडीतलं पीक यातही फरक असतोच की.

म्हणजे हळद निरुपयोगी असं नव्हे. उटण्यातली हळद अंगाचा तेलकटपणा अन् मळ काढायला मदत करते, मुक्या मारावर आंबेहळदीचा लेप लावला की बरं वाटतं, हे मी स्वतः अनुभवलं आहे. पण ती गोरं करते, हे सांगायला पुरावा नाही. अन् गोरेपणाच विकणं हे किती दिवस चालणार? २०२० साली एका मोठ्या कंपनीला आपल्या जगप्रसिद्ध क्रीमच्या नावातून ‘फेअर’ हा शब्द काढावा लागला. आपण नेमका तोच शब्द आता वेष्टनावर छापायचा म्हणता, असं मी बायांना विचारलं. त्यातली एक जण काळीसावळी, तीन पोरींची आई. ती गप्प बसली. मग म्हणाली, “दादा, माजे मोठे पोरीला दोन स्थलांनी रंगावरून नाय म्हनलान. म्हनून मना वाटला, लोक हेच घेतीन.” तिच्या बोलण्यात काही खोटं नव्हतं. ज्या दुखण्यावर गिऱ्हाईक मिळतं, ते दुखणं तिच्याच घरात होतं.

आता सुरक्षिततेकडं येतो. हळद दळल्यावर तिच्यात काय मिसळलं आहे हे डोळ्यांना दिसत नाही. पिवळा दिसावा म्हणून मेटॅनिल यलोसारखा कापडाचा रंग घालतात. त्याहून वाईट म्हणजे लेड क्रोमेट, शिशाचा पिवळा रंग. बांगलादेशात ह्याचा मोठा अभ्यास झाला. तिथं १९८० च्या दशकात पुरामुळं हळद भिजली, काळवंडली, तेव्हा ती विकली जावी म्हणून व्यापाऱ्यांनी हळकुंडांना हा रंग चोळायला सुरुवात केली अन् ती सवयच पडली. २०१९ साली तिथल्या बाजारातल्या जवळजवळ निम्म्या नमुन्यांत तो सापडला. सरकारनं दंड केले, लोकांना सांगितलं, अन् २०२१ साली तपासलेल्या नमुन्यांत तो उरला नाही. शिसं पोटात गेलं तर लहान मुलांच्या मेंदूला धोका असतो. हळद तोंडाला लावली की ओठातून, हातातून पोटात जातेच.

हे वाचताना मला २००५ चा पावसाळा आठवला. जुलैमध्ये आमच्या रायगडात महाडकडं दरडी कोसळून माणसं गाडली गेली, त्याच दिवसांत कृष्णेला महापूर आला अन् सांगलीजवळ हरिपूरच्या पेवांत पाणी शिरलं. पेव म्हणजे जमिनीत खोल खणलेला हळद साठवायचा खड्डा. त्या मातीत हळद वर्षानुवर्षं टिकायची, कीड लागायची नाही. सांगली ही हळदीची पेठ झाली त्यात ह्या पेवांचा वाटा मोठा. भिजलेली, काळवंडलेली हळद काय असते हे कोकणात पावसात माल सुकवणाऱ्याला सांगायला नको. फेब्रुवारीत हळद काढायची, शिजवायची, दहा-पंधरा दिवस कडक उन्हात वाळवायची. शंभर किलो ओल्या हळदीची जेमतेम वीस-बावीस किलो वाळकी. तिच्यावर अवकाळीचा एक शिंतोडा पडला की रंग गेला अन् भाव गेला. त्या वेळी रंगाच्या पुडीचा मोह कसा होतो, ते शेतकऱ्याला आतून कळतं. म्हणूनच पिवळाजर्द रंग बघून हळद घेणाऱ्या गिऱ्हाइकालाही थोडा दोष जातो.

कुंकवाचंही असंच झालं. हळदीचं कुंकू महाग अन् फिकं, म्हणून रासायनिक रंगाचं लाल कुंकू आलं. त्यानं किती बायांच्या कपाळाला खाज सुटली, भांगाशी काळे डाग पडले. पुढं टिकली आली, तिच्या डिंकातल्या रसायनानं काहींच्या कपाळावर पांढरा डाग उठला. आमच्या गावात अशा दोन म्हाताऱ्या होत्या. लोक कोड म्हणून नावं ठेवायचे. मूळ कारण टिकलीमागचं होतं.

पण भेसळ नसली म्हणजे झालं का? माझ्या पुतणीच्या लग्नात हळद आमच्याच वाडीतली, घरीच कुटलेली. रंग नाही, पावडर नाही. तरी सकाळी तिच्या मानेवर अन् दंडावर लाल पुरळ उठलं, खाजवून बेजार. आमची थोरली वहिनी म्हणाली, “हलद कवा कुनाला बाधलीय काय? दिष्ट लागली पोरीला.” मीठ-मोहऱ्या ओवाळल्या. पुरळ काही हटेना. पुढं पनवेलच्या कातडीच्या डॉक्टरांनी पाठीवर पट्ट्या लावून तपासणी केली अन् सांगितलं, हिला हळदच चालत नाही. अशी माणसं थोडी असतात, पण असतात. वाडीतला शुद्ध माल होता, खोट कुणाचीच नव्हती. जसं कुणाला कोळंबी चालत नाही, तसं. नैसर्गिक म्हणजे सगळ्यांना सोसणारं, असं निसर्गानं कुठं लिहून दिलेलं नाही. आमच्या वाडीतला काजूसुद्धा ओल्या बीच्या टरफलाचं तेल लागलं की हात भाजतो.

म्हणून बायांना मी चार गोष्टी सांगितल्या, त्या इथंही लिहितो. नवीन लेप, उटणं, क्रीम काहीही असो, तोंडाला लावायच्या आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावून एक-दोन दिवस बघावं. नवरीला तर लग्नाच्या आठ दिवस आधी बघून घ्यावं. हळदीत लिंबू पिळून तोंडाला लावून उन्हात जाऊ नये. लिंबाच्या रसानं उन्हात कातडी भाजते अन् महिनोन्‌महिने काळा डाग राहतो. उघड्या, खोल जखमेत घरची हळद भरू नये. शिजवताना जंतू मेले तरी नंतर ती शेणानं सारवलेल्या खळ्यात, नाहीतर अंगणात वाळते. तिथल्या मातीत धनुर्वाताचे जंतू असतात. जखम धुवावी अन् सुई घ्यावी. अन् ‘कस्तुरी हळद’ म्हणून सुंदर पुडी मिळाली तर भुलू नये. त्या नावाखाली बऱ्याचदा दुसरेच कंद दळलेले असतात. आपल्या ओळखीच्या शेतकऱ्याकडून अख्खं हळकुंड घ्यावं अन् घरी कुटावं. हळकुंड मोडून आतला रंग बघता येतो, पुडीचं तसं नसतं.

साबण अन् लेपाचं काय झालं, ते सांगायचं राहिलं. चौकशी केल्यावर कळलं की साबण असो वा क्रीम, विकण्यासाठी बनवायचं तर सौंदर्यप्रसाधनाचा परवाना लागतो, जागा, तपासणी, नोंदी सगळं लागतं. गटाची तेवढी ऐपत आज नाही. शेजारच्या गावात काही जण परवान्याशिवाय विकतात, हेही बायांनी मला ऐकवलं. दोन बैठका झाल्या, थोडी भांडणं झाली. शेवटी ठरलं, सध्या खायची हळद विकायची. अन्नपदार्थांची नोंदणी केली. मालाचा नमुना प्रयोगशाळेत तपासून घेतला. पाव किलोच्या कापडी पिशवीत अख्खी हळकुंडं, अन् बरोबर वाळवलेली हळदीची पानं. चौपट नव्हे, पण किलोला पहिल्यापेक्षा दीडपट भाव मिळाला. ती तीन पोरींची आई हिशेबाची वही ठेवते. तिची मोठी मुलगी आता अलिबागला नर्सिंग शिकते अन् सुट्टीत येऊन पिशव्या शिवते.

पिशवीवर काय छापायचं यावर सगळ्यात जास्त वेळ गेला. अखेर चार ओळी ठरल्या. गावाचं नाव, पिकाचं वर्ष, काढणीचा महिना, अन् खाली : ‘हळकुंड मोडून बघावे, मग घ्यावे.’